लाळेची साक्ष

क्षयाचा संशय आला म्हणजे आरोग्यसेविका रोग्याच्या हाती झाकणाची एक लहानशी डबी ठेवते आणि सांगते, "बाबा, सकाळी उठल्याबरोबर यात थुंकी द्या." आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर किंवा इंद्रवेल्लीच्या बाजूच्या कोणत्याही गावात घडावा असा हा प्रसंग आहे. बाबा सकाळी उठतात, सांगितल्याप्रमाणे डबीत थुंकतात. डबी प्रयोगशाळेत जाते. तेथून क्षयाचे जंतू आढळले नाहीत असा निर्वाळा येतो. आणि खोकला मात्र थांबत नाही. अशा वेळी प्रयोगशाळेने कामात कुचराई केलेली असते असे नाही. पुष्कळदा चूक असते ती एका शब्दाची. तोंडावाटे जे जे बाहेर टाकले जाते त्या सर्वांस थुंकी म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. सेविकेला हवा असतो बेडका, म्हणजे छातीच्या तळातून खोकून वर आणलेला घट्ट कफ. आणि बाबांनी दिलेली असते ती लाळ. तेलुगूत 'उम्मी' आणि 'तेमड' असे दोन वेगळे शब्द आहेत खरे, परंतु एकाच घरात मराठी, तेलुगू आणि गोंडी कानी पडणाऱ्या या मुलखात नेमका शब्द नेमक्या माणसापर्यंत पोचेलच असा भरवसा नाही.

रॉबर्ट कॉख याने १८८२ साली क्षयाचा जंतू जगापुढे आणला. तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखाली कफ पाहून क्षय ओळखण्याची पद्धत चालत आली आहे. या पद्धतीने जंतू दृष्टीस पडावयाचे तर कफाच्या एका मिलिलिटरमध्ये ते पाच ते दहा हजारांच्या घरात असावे लागतात. रोगाचे ठाणे फुप्फुसात असते, आणि जिभेखाली पाझरणाऱ्या लाळेत त्याचे जंतू अगदी विरळ सापडतात. गोव्यातील मोलबायो कंपनीने तयार केलेल्या 'ट्रूनॅट' या यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मान्यता दिली. ते जंतूंच्या जनुकद्रव्याचा माग काढते व सूक्ष्मदर्शकाहून पुष्कळच तीक्ष्ण आहे. बॅटरीवर चालत असल्यामुळे लहान केंद्रांतही बसविता येते. परंतु डबीत लाळच भरून आली तर त्या यंत्राचाही नाइलाज होतो.

एवढ्यावरून लाळ म्हणजे निरुपयोगी पाणी अशी कोणी समजूत करून घेऊ नये. ती पुष्कळ काही सांगू शकते. मात्र ज्या गोष्टीशी तिचा संबंध आहे त्याच गोष्टीविषयी तिला विचारले पाहिजे.

कानाच्या खाली, जबड्याच्या आत आणि जिभेच्या तळाशी अशा लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. शिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. या सर्व मिळून दिवसाकाठी अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत लाळ तयार करतात. उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे पडले म्हणजे पैनगंगेकाठची माणसे वाळूत झिरा खणतात. झिऱ्यात येणारे पाणी नदीचेच असते, परंतु वाळूतून गाळून आलेले असते. लाळेचे रक्ताशी असलेले नाते काहीसे असेच आहे. रक्तातील पाणी, क्षार, काही औषधे, काही अंतःस्रावांचे अंश आणि प्रतिद्रव्ये हे सारे ग्रंथींतून झिरपत लाळेत उतरते. कॉर्टिसॉल या अंतःस्रावाचे रक्तातील मोकळे प्रमाण लाळेवरून मोजता येते ते यामुळेच. मनुष्याला सुई टोचावी लागत नाही आणि सुईच्या भीतीने ते प्रमाण वाढण्याचाही प्रश्न राहत नाही. एच.आय.व्ही.ची प्रतिद्रव्ये हिरडीवरून कापसाची काडी फिरवून ओळखण्याची चाचणी अमेरिकेत २०१२ पासून घरच्या घरी करण्यास मोकळी झाली आहे. झिऱ्याच्या वाळूने अडवून धरलेले पदार्थ मात्र लाळेत शोधण्यात अर्थ नाही. रक्तातील साखर मोजण्यास अद्याप बोटाच्या टोकावरील थेंबच अधिक विश्वासाचा.

झिऱ्याची उपमा येथेच थांबवावी लागते, कारण लाळेत ग्रंथी स्वतःच्या पदरची भरही घालतात. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा बराच वेळ चावीत राहिल्यास तो गोड लागू लागतो; पिष्टाची साखर करणारे पाचकद्रव्य लाळेत असल्याची ती घरगुती खूण होय. अलेक्झांडर फ्लेमिंग याने पेनिसिलिनच्या अगोदर काही वर्षे लायसोझाइम नावाचे जंतुनाशक द्रव्य शोधून काढले होते; तेही अश्रूंप्रमाणेच लाळेत असते.

अशा या द्रवात वस्तीही मोठी आहे. डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने १६८३ साली आपल्याच दातांवरील पांढरा मळ स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून त्याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळविले. मनुष्याच्या तोंडात आढळणाऱ्या जंतूंच्या सातशेहून अधिक जाती आज ठाऊक झाल्या आहेत. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या दहा कोटींच्या आसपास भरते. जिभेच्या पाठीवरील रहिवासी निराळे, दात आणि हिरडी यांच्या फटीतील निराळे. आदिलाबादच्या बाजारात एका फळीवर कापूस, दुसऱ्या फळीवर भाजी आणि तिसरीवर गुरे असावीत, तशी ही वाटणी असते. त्यांच्यापैकी बहुतेक निरुपद्रवी आहेत आणि काही तर चक्क उपयोगाचे आहेत.

उपयोगी मंडळींची कथा अलीकडच्या काळातील असून मोठी मनोवेधक आहे. माठ, पालक, मेथी अशा पालेभाज्यांत नायट्रेट नावाचा क्षार भरपूर असतो. जेवणातून पोटात गेलेले हे नायट्रेट रक्तात मिसळते, आणि त्याचा सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी वेचून घेऊन पुन्हा तोंडात आणून सोडतात. मनुष्याच्या शरीराला स्वतःला त्याचे फारसे काही करता येत नाही. जिभेच्या मागील भागात राहणारे जंतू मात्र त्याचे नायट्राइट करतात. ते लाळेबरोबर गिळले जाते, आणि पुढे त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास याचा हातभार लागतो. निरोगी माणसांना काही दिवस जंतुनाशक औषधाच्या चुळा भरावयास लावल्या, तेव्हा त्यांच्या लाळेतील नायट्राइट घटले आणि रक्तदाब दोन-तीन अंकांनी चढला, असे प्रयोगात दिसून आले आहे. दंतवैद्याने एखाद्या विकारासाठी सांगितलेले असे औषध सांगितले तितके दिवस अवश्य घ्यावे. परंतु तोंडाला वास येऊ नये एवढ्यासाठी वर्षानुवर्षे जंतुनाशकाच्या चुळा भरणे म्हणजे घरात काम करणाऱ्या गड्यालाच हुसकून लावण्यासारखे आहे.

उपद्रवी मंडळींत दात किडविणारा 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' प्रसिद्धच आहे. साखर मिळाली की तो आम्ल तयार करतो, आणि त्या आम्लात दाताचे वरचे कवच विरघळू लागते. लाळ हे आम्ल मारते, परंतु त्यास अर्धा तास तरी लागतो. म्हणून जेवणात एकदाच पोटभर खाल्लेल्या पुरणपोळीपेक्षा दर तासाला घोटभर घेतलेला गोड चहा दातांना अधिक बाधतो, हे चहाच्या टपरीवर बसणाऱ्या मंडळींस रुचणार नाही. पण वस्तुस्थिती तशी आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, तेव्हा रात्री निजण्यापूर्वी दात घासणे हे सकाळच्या घासण्याहूनही अगत्याचे ठरते.

याहून गंभीर प्रकरण हिरड्यांचे आहे. घासताना रक्त येणे ही गोष्ट लोक इतकी सहज मानतात की वैद्याने विचारल्यावाचून ती सांगतही नाहीत. दात आणि हिरडी यांच्या फटीत हवेवाचून जगणाऱ्या जंतूंनी ठाण मांडले म्हणजे हिरडीचा दाह सुरू होतो. तो वर्षानुवर्षे दुखल्यावाचून चालू राहतो आणि शेवटी दात हलू लागतात. मधुमेह्यास हा विकार अधिक होतो व अधिक चिवट होतो, हे वैद्यांस पूर्वीपासून ठाऊक होते. उलट दिशेनेही तसेच घडते, म्हणजे हिरड्यांच्या जुनाट दाहामुळे रक्तातील साखर आवरणे कठीण जाते, हे मागाहून ध्यानी आले. हिरड्यांखालील साफसफाई नीट करून घेतलेल्या मधुमेह्यांत तीन-चार महिन्यांनी गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा एचबीए१सी हा अंक सरासरीने सुमारे ०.४ने खाली आलेला आढळला आहे. आकडा लहान दिसतो. पण औषधाच्या एखाद्या जादा गोळीने पडणाऱ्या फरकाशी त्याची तुलना करता येईल, आणि येथे तो दात वाचविण्याच्या कामात आपसूक पदरात पडतो. साखरेची गोळी घेणाऱ्या आणि हिरडीतून रक्त येणाऱ्या मनुष्याने दंतवैद्याकडे जाणे ही चैन नव्हे.

संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या आहेत, त्यांच्या बाबतीत तोंडातील जंतू रक्तात शिरून झडपेवर घर करू शकतात. हे निर्विवाद आहे. बाकीच्या हृदयविकाराशी, आतड्याच्या कर्करोगाशी किंवा म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाशी तोंडातील जंतूंचा काही संबंध दिसतो एवढेच आज म्हणता येते. संबंध दिसणे आणि कारण ठरणे यांत फार अंतर असते. विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने १९१० साली मॉन्ट्रियल येथे व्याख्यान देऊन शरीरातील नाना रोगांचे मूळ तोंडातील पुवात असल्याचे प्रतिपादन केले. पुढील वीस-पंचवीस वर्षांत संधिवातापासून वेडापर्यंत सर्व विकारांवर उपाय म्हणून चांगले धडधाकट दात उपटण्यात आले. रोग बरे झाले नाहीत, कवळ्या मात्र खपल्या.

त्या प्रकाराची आठवण करून देण्याचे कारण असे की, हल्ली नळीत थुंकून पाठविल्यास तोंडातील समस्त जंतूंची यादी आणि त्यावरून आरोग्याचे भविष्य सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. यादी खरी असू शकते. परंतु निरोगी तोंडातील जंतूंचे प्रमाण नेमके किती असावे याचे सर्वमान्य माप अद्याप ठरलेले नाही. सकाळची लाळ आणि दुपारची लाळ यांतही फरक पडतो. शिवाय यादी हाती आल्यावर वैद्य जे सांगणार ते यादीवाचूनही सांगता येते. त्या पैशांत दंतवैद्याकडून हिरड्या साफ करून होत असतील, तर त्या कराव्यात.

याउलट, योग्य प्रश्न विचारला तर साधी चूळदेखील केवढे काम करते, याचे उदाहरण आदिलाबादहून सुमारे २०० किलोमीटरवर, नागपुरात घडले. करोनाच्या साथीत नाकात व घशात काडी घालून नमुना घ्यावा लागे. त्यास शिकलेला माणूस लागे, रोग्याला त्रास होई, आणि केंद्रांपुढे रांगा लागत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील, म्हणजे नीरीतील, डॉ. कृष्णा खैरनार व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मिठाच्या पाण्याची तोड काढली. रोग्याने नळीतील क्षारजल तोंडात घेऊन १५ सेकंद गुळण्या करावयाच्या, मग ते तोंडात खळबळून पुन्हा त्याच नळीत टाकावयाचे. प्रयोगशाळेत त्यात एक द्रावण मिसळून अर्धा तास ठेवले आणि ९८ अंशांवर सहा मिनिटे तापविले की विषाणूचे जनुकद्रव्य तपासणीस तयार होई. महागड्या संचांची गरज उरत नसे. मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या पद्धतीस मान्यता दिली. येथे चूळ चालली ती विषाणूची वस्ती घशात व तोंडातच असल्यामुळे.

तंबाखूच्या बाबतीत तर लाळ तपासण्यापूर्वी तोंड नुसते उघडून पाहणेच अधिक फलदायी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी साठाच्या दशकात भारतातील खेड्यांतून घरोघर फिरून पाहण्या केल्या. एकट्या पुणे जिल्ह्यात एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली गेली. साधन होते प्रशिक्षित डोळा. गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारे व्रण, तिखट सोसेनासे होणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे, ही लक्षणे आजही तितकीच बोलकी आहेत. खर्रा किंवा चुना-तंबाखू दाढेखाली धरणाऱ्याने ती आरशात स्वतः पाहावीत आणि आढळल्यास आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्यास दाखवावीत.

आता पुन्हा त्या डबीकडे. जिभेवरून काडी फिरवून क्षयाचे जंतू टिपता येतील काय, यावर संशोधक काम करीत आहेत. मुले आणि कफ न पडणारे रोगी यांना त्याचा लाभ व्हावा. परंतु डबी हाती आलीच असेल तर काम असे करावे. सकाळी उठल्यावर काही खाण्यापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरून तोंडातील लाळ व अन्नकण टाकून द्यावेत. मग घराबाहेर, मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि पोटातून जोर काढून खोकावे. घट्ट, पिवळसर किंवा पांढरा कफ वर येईल तोच डबीत टाकावा. पाण्यासारखे पातळ व फेसाळ काही पडले तर ते लाळ समजावे आणि पुन्हा खोकावे. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी सेविकेच्या हाती द्यावी. आणि तिनेही ती घेताना आत काय आले आहे ते उजेडात धरून पाहावे व लाळ दिसल्यास बाबांना दुसरी डबी द्यावी.