बांधावरची हिरवी गंजी
वैशाखात कडब्याची गंजी संपते आणि दावणीची गाय बाजाराची वाट धरते. १९७२ किंवा २०१९चा दुष्काळ पाहिलेल्यांना हे सांगायला नको. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बायफ’ने सत्तरच्या दशकात सुबाभळीचा प्रसार केला. तिची मुळे खोल जातात, म्हणून उन्हाळ्यातही पाला मिळतो. पावसाळ्यात बांधावर लावावी, रोपे शेळ्यांपासून जपावीत. पुढे कमरेइतकी उंची राखून छाटावी. शेंगा पिकू देऊ नयेत, नाहीतर बी शेतभर पसरते. मात्र पाल्यात मायमोसिन असते. अति झाल्यास जनावरांचे केस झडतात. म्हणून तिसरा हिस्सा पाला, बाकी कडबा. छावणी उघडण्याची वाट पाहण्यापेक्षा येत्या मृगातच बांधावर बी टोकलेले बरे!