हट्ट शिकतात दोघे

पेठ वडगावच्या आठवडी बाजारात एक देखावा हमखास दिसतो. तीन-चार वर्षांचं पोर फुग्यासाठी मातीत लोळण घेतं, आई डोळे वटारते, पोर आवाज चढवतं, लोक बघू लागतात आणि शेवटी आजी कनवटीचे दहा रुपये काढते. ‘घे, पण गप बस.’ पोर गप्प, सगळे सुटले.

खरं तर एवढ्यात दोघांचाही धडा गिरवून झालेला असतो. रडलं की फुगा मिळतो, हे पोर शिकलं. फुगा दिला की रडणं थांबतं, हे मोठी माणसं शिकली. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरच्या अशा खटक्यांच्या बारीक नोंदी ठेवून हे चक्र दाखवून दिलं. पुढच्या खेपेला दोन्ही बाजू आणखी वरच्या पट्टीत सुरुवात करतात. कधी लाड, कधी फटका, हे तर त्याहून वाईट. अधूनमधून फळणारी सवय सुटता सुटत नाही.

म्हणून सगळं खापर आईबापांवर फोडायचं का? न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 पासून मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. काही मुलं तान्हेपणापासूनच किरकिरी, काही शांत. किरकिऱ्या मुलाला धीराचं घर मिळालं, तर पुढे ते बिघडेलच असं नाही. ‘वळण लावलं नाही’ हा शेजाऱ्यांचा निकाल त्यामुळे अर्धाच खरा.

त्या अर्ध्याचं वजन मात्र जमैकात कळलं. किंग्स्टनमध्ये 1986-87 साली वाढ खुंटलेली 129 बाळं अभ्यासासाठी निवडली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला तासभर जाऊन, घरीच बनवलेली खेळणी घेऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवत. हे दोन वर्षं चाललं. बाविसाव्या वर्षी या घरांतली मुलं मारामाऱ्यांत कमी सापडली, नैराश्यही कमी. ज्यांना नुसता पूरक आहार मिळाला, त्यांच्यात असा टिकाऊ फरक दिसला नाही.

तान्ह्यांच्या घरी जाण्याची ही वाट महाराष्ट्रात ‘आरंभ’ उपक्रमानं धरली आहे. युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या साथीनं अंगणवाडी सेविका पालकांना बाळाशी खेळायला शिकवतात. पण आहार, वजन, लसीकरण यांच्या नोंदी भरता भरता त्यांच्याकडे खेळायला वेळ उरतो किती? मला तरी या उपक्रमाची खरी अडचण तिथेच दिसते.