पाचवी लढत कोण खेळणार?

(आमच्या गटाने रेडिओवर केलेलं हे बोलणं. मागून बऱ्याच जणींनी लिखित मागितलं, म्हणून इथे देत आहोत.)

भाकऱ्या उरकल्या असतील, गुरांचं झालं असेल, तर घटकाभर बसा. आज आम्ही खेळाविषयी बोलणार आहोत. पोरीबाळी अंगणात फुला-रॅकेटने खेळतात ना, त्याच बॅडमिंटनविषयी आणि आपल्या देशाच्या संघाविषयी.

विषय निघाला तो एका प्रश्नावरून. मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "सायनाने ऑलिंपिक पदक आणलं, सिंधूने दोनदा आणलं. एवढ्या भारी पोरी असून आपल्या बायकांचा संघ इतकी वर्षं मोठी स्पर्धा का जिंकत नव्हता?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना आम्हाला आपल्या बचत गटाचीच गोष्ट सापडली. कशी, ते शेवटी सांगतो.

आधी हे समजून घेऊ की संघाचा सामना होतो कसा. एकटी खेळाडू खेळते तेव्हा ती जिंकली की जिंकली. दोन देशांचे संघ भिडतात तेव्हा पाच लढती होतात. त्यात तीन एकेरी, म्हणजे एकीसमोर एक, आणि दोन दुहेरी, म्हणजे दोघींसमोर दोघी. पाचांतल्या तीन जिंकेल तो संघ पुढे जातो. एकीला एकेरीची एकच लढत खेळता येते. फार तर तिला दुहेरीतही उतरवता येतं, पण मग थकलेल्या पायांनी खेळावं लागतं. म्हणजे जगात पहिल्या नंबरची खेळाडू तुमच्याकडे असली, तरी तिची एकेरी पाचांतली एकच. बाकीच्या लढती दुसरीने, तिसरीने आणि जोड्यांनी जिंकायच्या.

बायकांच्या या जागतिक सांघिक स्पर्धेला उबेर कप म्हणतात. बेटी उबेर या इंग्लंडच्या खेळाडूच्या नावाचा हा चषक. पुरुषांचा थॉमस कप १९४९ साली सुरू झाला. बायकांसाठीही तसा चषक हवा, ही कल्पना बेटीबाईंनी मांडली आणि १९५७ साली पहिला उबेर कप झाला. तेव्हा एका सामन्यात सात लढती होत. १९८४ पासून त्या पाच झाल्या.

आता आपल्याकडचं बघू. या खेळाचं आणि आपल्या महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. म्हणून त्याला 'पूना' असंच नाव पडलं होतं. बॅडमिंटन हे नाव मागून आलं, इंग्लंडमधल्या एका वाड्यावरून. पुढे पुण्याच्याच देवधर बहिणींनी हा खेळ गाजवला. क्रिकेटवाले प्रोफेसर दि. ब. देवधर यांच्या या मुली, तारा, सुंदर आणि सुमन. १९४० च्या दशकात देशात त्यांचा दबदबा होता. ज्या काळात मुलीने घराबाहेर पळणं-उड्या मारणंही लोकांना खटकायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय.

संघ म्हणून आपले पुरुष १९५२, १९५५ आणि १९७९ साली थॉमस कपच्या शेवटच्या चार संघांत पोहोचले, पण तिथेच अडले. बायकांचं म्हणाल, तर १९७८ साली कॅनडातल्या एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईची अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग या जोडीने दुहेरीत कांस्यपदक आणलं. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत बायकांच्या संघाने कांस्य मिळवलं. त्यानंतर मात्र बराच काळ सुनासुना गेला. चीन, इंडोनेशिया, जपान, कोरिया यांच्याकडे एकामागे एक खेळाडू तयार होत होत्या. आपल्याकडे एखादी चमकायची आणि ती थांबली की तिची जागा रिकामी राहायची.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. २००६ पर्यंत बायकांच्या एकेरीचा गेम ११ गुणांचा असायचा आणि पुरुषांचा १५ चा. जणू बायकांना तेवढा दम नसतोच! २००६ पासून दोघांनाही २१ गुणांचा गेम आला. तीन गेमपैकी दोन जिंकायचे. आता सिंधूची लढत बघा, कधीकधी तास-सव्वा तास चालते. दम कुणात किती आहे ते दिसतंच.

मग चित्र पालटलं कसं? पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली आणि पुढे हैदराबादला अकादमी उभी केली. त्यासाठी त्यांनी घरच्यांचं घर गहाण ठेवलं. घर गहाण ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिथे घडलेल्या सायना नेहवालने २०१२ साली लंडनला ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. पी. व्ही. सिंधूने २०१६ साली रिओला रौप्य, २०१९ साली जागतिक विजेतेपद आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं.

आता २०१४ सालाकडे येऊ. उबेर कप आपल्याच देशात होता, दिल्लीत. आपल्या पोरी उपांत्य फेरीत पोहोचल्या. समोर जपान. सायनाने तिची एकेरी जिंकली. सिंधूनेही जिंकली, तिसरा गेम २६-२४ असा जीव टांगणीला लावून. दोन लढती आपल्या खिशात. हवी होती फक्त एक. पण ज्वाला आणि अश्विनी यांची दुहेरी गेली. तिसरी एकेरी खेळणारी तुलसी हरली. दोन-दोन झाले. उरली शेवटची दुहेरी. ती खेळायला कोण उतरलं? पुन्हा सायना आणि सिंधूच. दोघीही मुळात एकेरीच्या खेळाडू, त्याच दिवशी एकेक लढत खेळून आलेल्या. समोर जपानची मुरलेली दुहेरी जोडी. आपण हरलो. कांस्यपदक मिळालं, त्याचा आनंद होताच. पण ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना कळलं की दोन खांबांवर घर उभं राहत नाही. २०१६ साली पुन्हा कांस्यच मिळालं.

पुरुषांनी हे आधी सोडवलं. मे २०२२ मध्ये बँकॉकला आपण पहिल्यांदाच थॉमस कप जिंकला. अंतिम सामन्यात समोर होता चौदा वेळा जिंकलेला इंडोनेशिया आणि आपण त्यांना ३-० ने हरवलं. लक्ष्य सेन, किदांबी श्रीकांत आणि दुहेरीत सात्त्विक रंकीरेड्डी व आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी जिंकले. पण संघ अंतिम फेरीत पोहोचला कुणामुळे? तिसऱ्या क्रमांकाची एकेरी खेळणाऱ्या प्रणॉयमुळे. मलेशियाविरुद्ध आणि मग डेन्मार्कविरुद्ध, दोन्ही वेळा दोन-दोन अशी बरोबरी झाल्यावर पाचवी लढत त्याच्यावर आली. डेन्मार्कविरुद्ध तर त्याचा पाय घसरून घोटा दुखावला. तरी तो खेळला आणि जिंकला.

आणि मग आला फेब्रुवारी २०२४. मलेशियातल्या शाह आलमला आशियाची सांघिक स्पर्धा होती. भारताच्या बायकांनी ती कधीच जिंकली नव्हती. सिंधू गुडघ्याच्या दुखापतीतून चार महिन्यांनी परतत होती. संघात बाकी होत्या गुवाहाटीची अश्मिता चलिहा, केरळच्या कन्नूर जिल्ह्यातली ट्रीसा जॉली, तिची जोडीदार गायत्री गोपीचंद आणि आणखी काही जणी. पाचव्या लढतीसाठी निवडली होती फरिदाबादची अनमोल खरब. वय सतरा. जागतिक क्रमवारीत नंबर ४७२. तिने आदल्याच हिवाळ्यात देशाची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली होती, पण मोठ्यांच्या गटात परदेशी फारशी खेळलेली नव्हती. म्हणून नंबर इतका मागे.

पहिलाच सामना चीनशी होता. दोन-दोन झाले आणि अनमोल उतरली. तीन गेम चालले आणि तिने सामना काढला. उपांत्य फेरीत समोर जपान, तोच २०१४ चा जपान. त्या दिवशी सिंधू तिची एकेरी हरली. पूर्वी असं झालं असतं तर आपण आशा सोडली असती. पण ट्रीसा आणि गायत्रीने तिसऱ्या गेममध्ये २२-२० अशी दुहेरी खेचून आणली. अश्मिताने माजी जगज्जेती ओकुहाराला हरवलं. दुसऱ्या दुहेरीतली तनिषा जखमी होती, तेव्हा सिंधू अश्विनीबरोबर दुहेरीत उतरली. तीही लढत गेली. सिंधू दोन्ही लढती हरली, तरी संघ जिवंत होता. पाचव्या लढतीत अनमोलने क्रमवारीत २९ व्या असलेल्या खेळाडूला सरळ दोन गेममध्ये हरवलं.

अंतिम सामना थायलंडशी. सिंधू जिंकली, ट्रीसा-गायत्री जिंकल्या. मग अश्मिता हरली, दुसरी दुहेरीही गेली. परत दोन-दोन आणि परत तीच सतरा वर्षांची पोर. २१-१४, २१-९. अनमोल जिंकली आणि सगळ्या जणी धावत कोर्टवर गेल्या. एकाच स्पर्धेत तीनदा संघाचं ओझं तिच्या खांद्यावर आलं आणि तिन्ही वेळा तिने ते पेललं.

लगेच सगळं सोन्याचं झालं असं मात्र नाही. त्याच वर्षी उबेर कपला सिंधू नव्हती. तरण्या पोरींचा संघ उपउपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे जपानकडून ३-० ने हरला. पण आता एक गेली तरी दुसरी उभी राहते, एवढं झालं आहे. नागपूरची मालविका बनसोडही उबेर कपच्या संघात खेळून आली आहे.

आता बचत गटाचं. आपल्यातल्या कितीतरी गटांत अध्यक्ष आणि सचिव या दोघीच बँकेत जातात, वही लिहितात, बैठकीत बोलतात. बाकीच्या जणी अंगठा किंवा सही करून मोकळ्या. गट चांगला चालतो, बक्षीसही मिळतं. मग एखाद्या वर्षी सचिवाचं बाळंतपण येतं, अध्यक्ष लेकीकडे जातात आणि हप्ता भरायला कोणी नसतं. आमच्याच गटात असं झालं. तीन महिने वही कोरी राहिली, कारण आम्ही दुसऱ्या कुणाला ती कधी हातातच दिली नव्हती. "तिला जमणार नाही" असं आम्हीच म्हणत होतो. नंतर जिला वही दिली, ती पहिले दोन महिने बेरजेत चुकली. आता तिची वही आमच्यापेक्षा नेटकी असते. अनमोलचा नंबर ४७२ होता तो ती कच्ची होती म्हणून नाही, तिला संधीच कमी मिळाली होती म्हणून. हे ऐकलं तेव्हा आम्हाला ती वही आठवली.

आणि दुसरं, आपल्या पोरींचं. सातवी-आठवीपर्यंत त्या खेळतात. मग शहाण्या झाल्या की आपणच म्हणतो, आता पुरे. मैदानावर मुलं उरतात, मुली पाण्याला आणि धाकट्या भावंडांकडे. पाचवी लढत खेळणारी पोर अशीच कुठेतरी आपल्या अंगणातून उठून जाते.

म्हणून जाता जाता एवढंच सांगतो. कोर्टला मोठा खर्च नाही. सपाट जागा, लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट. चुन्याच्या फक्कीने रेघा मारा. मधोमध जाळी, मध्यभागी उंची पाच फूट. जाळी नसेल तर दोरीला जुनी साडी टाका. पिसांचं फूल महाग पडतं आणि वाऱ्यात उडतं. सुरुवातीला नायलॉनचं घ्या, ते टिकतं. संध्याकाळी वारा पडला की खेळायचं. दिव्याजवळची जागा धरा, म्हणजे अंधाराचं कारण पुढे येणार नाही. मुलींसाठी वेळ ठरवून ठेवा आणि त्या वेळेला गटातली एकजण तिथे बसेल असं बघा.

त्या पोरींतली एखादी देशासाठी खेळेल का, ते काळच सांगेल. पण रोज तासभर दम लागेपर्यंत धावलेली पोर घरीही जरा ताठ मानेने बोलते, हे आम्ही पाहिलं आहे. आणि तुम्हाला वेळ असेल तर रॅकेट तुम्हीही हातात घ्या. आम्ही घेतली. पहिल्या दिवशी फूल एकदाही जाळीपलीकडे गेलं नाही. हसून हसून पोट दुखलं, एवढं मात्र खरं.

पुन्हा भेटू, मैत्रिणींनो. तोवर वही दुसरीच्या हातात देऊन बघा.