मागच्या कडीची रायफल

थ्री नॉट थ्री मराठी माणसाला वजनाने माहीत आहे, नेमाने नाही. कॉलेजात एनसीसी केलेल्या कुणालाही विचारा. चार किलोच्या आसपासचं ते लाकूड-लोखंड उन्हात खांद्यावर घेऊन ‘सावधान’ उभं राहिल्याची आठवण पहिली निघते. त्यातून गोळी झाडल्याची आठवण मात्र क्वचितच, कारण फायरिंगच्या दिवशी हातात यायची ती पॉइंट टू टू. पुढे हीच रायफल पोलिसांच्या खांद्यावर दिसत राहिली. 26/11 नंतर तिच्याबद्दल बोललं गेलं ते चिडून, नाहीतर कीव करत. उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताक दिनी तिला संचलनात निरोपच देऊन टाकला.

आपण जिला मोडीत काढलं, तीच रायफल इंग्लंडात सरे परगण्यातल्या बिस्लीच्या मैदानावर अजूनही पालथं झोपून, पट्टा दंडाला आवळून, प्रेमाने चालवली जाते. बिस्ली ही नेमबाजांची पंढरीच म्हणायची. तिथल्या रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा 1860 साली विम्बल्डनला झाली आणि पहिली गोळी झाडली खुद्द व्हिक्टोरिया राणीने. रायफल आधीच लोखंडी घोडीवर नेमून ठेवलेली होती, राणीसाहेबांनी फक्त रेशमी दोरी ओढली! 1890 मध्ये सगळा कारभार बिस्लीला हलला. 1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या मोठ्या स्पर्धांवर थ्री नॉट थ्रीचंच राज्य होतं.

तिचं कागदोपत्री नाव ली-एनफिल्ड. एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं कारखान्याचं गाव. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला, घड्याळाचं काम शिकलेला माणूस. 1895 साली ही जोडगोळी जमली. .303 हा नळीच्या भोकाचा इंचातला व्यास, म्हणजे 7.7 मिलिमीटर.

लीचं डोकं दिसतं ते बोल्टमध्ये. बोल्ट म्हणजे शेवटी दाराची कडीच. काडतूस आत सारायचं, कडी फिरवायची, बार उडताना दार उघडता कामा नये. जर्मन माउझरची कडी पुढे, काडतुसाच्या अगदी बुडाशी अडकते. लीने ती मागे अडकवली. त्यामुळे दांडी फक्त 60 अंश फिरवावी लागते आणि कमी मागे खेचावी लागते. पेटीत 10 काडतुसं. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाकडून 300 यार्डांवर मिनिटाला 15 नेमून मारलेल्या गोळ्यांची अपेक्षा असे. चांगले हात त्याच्या बरेच पुढे जात.

पण मागच्या कडीला एक खोड आहे. बार उडतो तेव्हा कडी आणि काडतूस यांच्यामधलं सगळं लोखंड क्षणभर ताणलं जातं, आणि नळी कोरड्यासारखी लवते. अचूकतेच्या पुस्तकात हा दोषच. सैन्याची काडतुसं काही सोनाराच्या काट्यावर तोललेली नसतात. एक गोळी जरा वेगात सुटते, दुसरी जरा मंद. जवळच्या निशाण्यावर या रायफलीच्या गोळ्या म्हणूनच वरखाली विखुरतात. पल्ला वाढला की मात्र गंमत होते. मंद गोळी नळीतून उशिरा बाहेर पडते आणि तोवर नळीचं तोंड किंचित वर आलेलं असतं. वेगात जे कमी पडलं, ते उंचीत भरून निघतं. 900-1000 यार्डांच्या सुमारास मंद आणि वेगवान गोळ्या एकाच उंचीवर येतात. बिस्लीत काही जाणते जवळच्या पल्ल्याला दुसरी रायफल वापरत आणि लांबच्यासाठी ली-एनफिल्ड राखून ठेवत, ते याचमुळे. घड्याळजीने हे योजलं होतं असं मला वाटत नाही. लागलेला मटका आहे, पण काय मटका आहे!

आज अशी जुनी लष्करी रायफल घेणाऱ्याला आधी तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. दस्ते चपलेसारखे मापात येत: आखूड, मध्यम, लांब, आणि अगदी बुटक्यासाठी ‘बँटम’. नळीभोवतीचं लाकूड पावसाळी हवेत फुगलं की नेम सरकतो. म्हणून जवसाचं तेल चोळत बसायचं. दस्त्याच्या बुडाशी पितळी झाकण, त्यात तेलाची कुपी आणि नळीतून चिंदी ओढायची दोरी. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत बसतो, हवेतलं पाणी ओढतो आणि एका रात्रीत गंज धरवतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी नळीत उकळतं पाणी ओतायचं, मगच तेल. इंग्रजांच्या घरात किटली हाताशी असतेच.

अशी काडतुसं गोळा करणाऱ्यांना पुंगळीच्या बुडावरची ‘के. एफ.’ ही अक्षरं ओळखीची असतात. के. एफ. म्हणजे किरकी, आपली खडकी. 1869 पासूनचा तिथला दारूगोळा कारखाना. हुगळीकाठच्या ईशापूरच्या कारखान्याने तर 1962 च्या युद्धानंतर हीच जुनी रायफल 7.62 मिलिमीटरच्या काडतुसासाठी नव्याने घडवली. त्यातल्या पुष्कळ पुढे भंगाराच्या भावात अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या हौशी लोकांच्या रेंजवर खणखणू लागल्या. आपल्याकडे मात्र .303 हा निषिद्ध बोअर. सामान्य नागरिकाला परवाना नाही. त्यालाही जुना इतिहास आहे. लष्करी काडतूस रयतेच्या हाती नको, हे इंग्रजांचं धोरण, आणि त्यातूनच .315 ची शिकारी रायफल आली. ती आपले सरकारी कारखाने पुढेही बनवत राहिले. यंत्रणा लीचीच, मागची कडी तीच, फक्त भोक वेगळं. घरात अशी रायफल असलेल्याला आपण कुणाची नातलग बाळगतो, हे बहुधा ठाऊक नसतं.

बिस्लीत हजार यार्डांवरून गोळी सुटली की निशाण्याशी पोचायला तिला जवळजवळ दोन सेकंद लागतात. मग मातीच्या बांधामागे बसलेला माणूस निशाणा खाली ओढतो, भोकात खूण अडकवतो, निशाणा परत वर सारतो. तोवर पालथा पडलेला नेमबाज दांडी उचलून मागे घेतो. तापलेली पुंगळी चटईवर टणकन पडते आणि तो डोळा न हलवता पुढचं काडतूस आत सारतो.