सैंधव व पशूंच्या चाटण-विटा

भूपृष्ठाखाली थरांच्या रूपात सापडणाऱ्या, खडकाप्रमाणे घट्ट अशा मिठाला सैंधव किंवा शेंदेलोण म्हणतात. सिंधूच्या प्रदेशातून येणारे म्हणून त्यास हे नाव पडले. त्याचे मोठे खडे गुरांना चाटावयास देण्याची पद्धत जुनी आहे; कारखान्यात दाबून तयार केलेल्या चाटण-विटा हे तिचे आधुनिक रूप होय. दोन्हींचा हेतू सारखा भासला, तरी त्यांतील घटक भिन्न असल्याने एकाऐवजी दुसरे वापरणे नेहमीच हितावह ठरत नाही.

गुणधर्म : सैंधवाचा मुख्य घटक सोडियम क्लोराइड हा असून खनिजविज्ञानात त्यास हॅलाइट म्हणतात. याचे स्फटिक घनाकार असतात व फोडल्यास त्याचे काटकोनी तुकडे पडतात. कठिनता २ ते २·५, विशिष्ट गुरुत्व सु. २·१७. शुद्ध स्वरूपात ते रंगहीन असते. लोहाच्या संयुगांमुळे त्यास गुलाबी वा तांबूस छटा येते. समुद्राचा उथळ भाग अलग पडून त्यातील पाणी आटल्यावर प्रथम जिप्सम व नंतर मीठ साचते. त्यावर गाळ साचत गेल्याने हे थर गाडले जातात.

आढळ : पाकिस्तानातील पंजाब प्रांताच्या झेलम जिल्ह्यातील खेवडा येथील खाण प्रसिद्ध आहे. तेथील थर सु. ५० कोटी वर्षांहून जुने आहेत. १८७२ मध्ये अभियंता वार्थ यांनी तेथे मुख्य बोगद्याची आखणी केली. छताला आधार राहावा म्हणून सु. निम्मे मीठ खांबांच्या रूपात तसेच ठेवतात. भारतात हिमाचल प्रदेशाच्या मंडी जिल्ह्यात द्रंग व गुमा येथे सैंधव मिळते. मात्र त्यात मातीचे व इतर अविद्राव्य द्रव्यांचे प्रमाण बरेच असल्याने ते गडद रंगाचे असते. महाराष्ट्रात सैंधवाच्या खाणी नाहीत; कोकणातील मीठ मिठागरांत समुद्राच्या पाण्यापासून बनते. भारतीय बाजारातील गुलाबी सैंधव मुख्यतः पाकिस्तानातून येत असे. मे २०२५ मध्ये भारत सरकारने त्या देशातून होणाऱ्या सर्व आयातीवर बंदी घातली.

पशुपोषणातील स्थान : वैरणीत सामान्यतः पोटॅशियम भरपूर व सोडियम अल्प असते. दुधावाटे व घामावाटे सोडियम सतत बाहेर पडत असल्याने दुभत्या व कष्टाच्या जनावरांना त्याची उणीव लवकर भासते. अशी जनावरे भिंती व माती चाटतात, दोर व लाकूड चघळतात, एकमेकांचे मूत्रही पितात. पुढे भूक मंदावते, वजन व दूध घटते. गोठ्यात ही लक्षणे दिसल्यास मिठाची उणीव संभवते. मात्र फॉस्फरसाच्या उणिवेनेही जनावर अखाद्य वस्तू चघळू लागते. अशा वेळी केवळ मीठ देऊन भागत नाही.

चाटण-विटा : साध्या विटेत केवळ मीठ असते, खनिजयुक्त विटेत त्याबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस, तांबे, जस्त, कोबाल्ट, आयोडीन इ. घालतात. सैंधवात आयोडीन नगण्य असते. त्यामुळे आयोडीन-न्यून प्रदेशात केवळ सैंधवाने गलगंड टळत नाही. वीट फार मऊ असल्यास जनावर ती चावून खाते. फार कठीण असल्यास पुरेसे मीठ पोटात जात नाही. म्हणून जास्त दूध देणाऱ्या गाईम्हशींना आंबोणात साधारणतः शेकडा १ या प्रमाणात मीठ मिसळून देतात व वीट पूरक म्हणून ठेवतात.

दक्षता : गाईंसाठी बनविलेली तांबेयुक्त वीट मेंढ्यांना देऊ नये, कारण तांब्याचे अल्प आधिक्यही त्यांना विषारी ठरते. यूरिया व मळी घातलेली वीट केवळ प्रौढ रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी असते. घोडे व लहान वासरे यांना ती घातक ठरते. कोणत्याही प्रकारचे मीठ देताना भरपूर पाणी उपलब्ध असावे. पाण्याअभावी मिठाची विषबाधा होते. डुकरांत ती विशेष आढळते. हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा शोषून पाझरू लागते. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात विटा व खडे छपराखाली, जमिनीपासून उंच, दोरीने टांगून अथवा लाकडी पेटीत ठेवणे इष्ट असते. लोखंडी भांडे मिठाने गंजते. सैंधवाचा अखंड खडा दाबून केलेल्या विटेपेक्षा सावकाश झिजतो, म्हणून उघड्या कुरणात तो अधिक टिकतो. तथापि खनिजांची उणीव असलेल्या भागात त्याच्या जोडीला खनिजमिश्रण देणे आवश्यक ठरते.