कामगार कायदा, लेखांक ६ : गोळ्या १४ दिवसांच्या, रजा ८ दिवसांची

धानोरा-एटापल्लीकडे पावसाळा सरता सरता हिवताप घरोघरी पोहोचतो. रक्ततपासणीत ‘व्हायवॅक्स’ निघाला, तर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप त्याआधीच उतरतो, पण पोतं उचलायला अंगात त्राण नसतं. अशा माणसाला पगारी रजा कोण देणार?

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची वेगळी रजाच नाही. २०१७ च्या या कायद्याचं कलम १८ वर्षाला ८ किरकोळ रजा देतं. लग्न, तेरवी, ताप, सगळं त्यातच भागवायचं. त्याही तिमाहीगणिक खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बुडतात. वर्षात २४० दिवस भरले, तर २० दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते. ती मात्र ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

हे सगळं १० किंवा जास्त कामगार असलेल्यांसाठी होतं. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर न्यायला मंजुरी दिली. मुंबईत याने किती फरक पडेल ते पडो. मूल, ब्रह्मपुरी, देसाईगंजच्या बाजारपेठेत २० माणसं कामाला ठेवणारं दुकान हुडकावं लागेल. व्यापाऱ्यामागचा कागदांचा ससेमिरा सुटला, हे खरं. पण नोकराच्या ८ रजाही त्याच कागदांत होत्या. मला ही दुरुस्ती अन्यायाची वाटते.

राईस मिलमध्ये मात्र वारं उलटं वाहतंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत पगारी रजेच्या हक्कासाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरतात. भरडाईचा जोर धान कापणीनंतर. हंगामी हमालाचे २४० दिवस भरायचे कुठून? १८० निदान आवाक्यात आहेत. त्यावर ९ रजा होतात.

आजारपणाचा खरा आधार राज्य कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा. पगार २१,००० रुपयांपर्यंत हवा. कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. अर्धवर्षात ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. पहिले दोन दिवस सहसा कोरडेच जातात. रोज ५०० पडत असेल आणि डॉक्टरने १४ दिवस विश्रांती लिहून दिली, तर १२ दिवसांचे ४,२०० रुपये हातात येतात. क्षयासारख्या दीर्घ आजारात दर ८० टक्के होतो आणि मुदतही वाढते.

तेंदूपानं तोडणाऱ्याला यातलं काहीच नाही. पुडे मोजून पैसे, निजला तो दिवस कोरा.

पगाराच्या चिठ्ठीत ०.७५ टक्क्यांची कपात दिसते का, ते आज बघा. दिसत असेल, तर ताप आला त्याच दिवशी ईएसआयच्या डॉक्टरकडून प्रमाणपत्र घ्या. बाहेरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर पैसे अडकतात.