जुने ग्राफिक्स कार्ड पुन्हा चालू करताना

सन १९९६ मध्ये अमेरिकेतील थ्रीडीएफएक्स कंपनीच्या चिपवर बाजारात आलेले ‘व्हूडू’ हे ग्राफिक्स कार्ड आज विंडोज ९८ वर कार्यान्वित करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, त्याचा अंमल केवळ त्रिमितीय दृश्यांपुरता असून नित्याच्या पडद्याचे काम दुसऱ्या, द्विमितीय कार्डाकडेच राहते. त्या कार्डातून निघणारी आखूड केबल व्हूडूच्या एका जोडणीत बसते, दुसरीतून मॉनिटरची तार जाते, आणि खेळ सुरू होताच व्हूडू आधीचा संकेत अडवून स्वतःचा पुढे धाडते. ऑर्किड कंपनीच्या ‘रायचस थ्रीडी’ या कार्डावर हा पालट यांत्रिक रिले करीत असल्याने त्याची टिकटिक स्पष्ट ऐकू येते.

खरी कसोटी लागते ती ड्रायव्हरची. कारण तो यंत्र आणि प्रणाली यांमधला दुभाषी होय, आणि विंडोज एनटीसाठी लिहिलेला दुभाषी विंडोज ९८ ची भाषा जाणत नाही. म्हणून विंडोज ९८ साठीचेच ड्रायव्हर घ्यावेत; आणि ते बसविताना आधी मदरबोर्डचे, मग द्विमितीय कार्डाचे, नंतर डायरेक्टएक्स आणि सर्वांत शेवटी व्हूडूचे ड्रायव्हर बसविणे, हा क्रम हितावह ठरतो. केवळ ४ मेगाबाइट स्मृतीच्या या कार्डासाठी ‘ग्लाइड’ या प्रोग्रामिंग संचात लिहिलेले खेळ मूळ स्वरूपात पाहायचे, तर एवढे सायास खचित सार्थकी लागतात.